गाडीला अर्थ मिळेना

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमची गाडी उभ्या जागी थरथरू लागली. धावताना तिची काही तक्रार नसे. लोणीकंदच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की ती पूर्वीसारखीच निमूट चाले. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून क्लच दाबला की मीटरचा काटा सहाशेपर्यंत घसरे, झोपेतून दचकून उठावे तसा बाराशे-तेराशेपर्यंत उसळे आणि पुन्हा खाली येई. असे दहा-बारा झोके झाले की एक आचका देऊन इंजिन बंद पडे. सेल्फ मारला की निमूट चालू होई, आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक निवृत्त, दुसरा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. या लेखातले 'आम्ही' हे संपादकीय 'आम्ही' नव्हे. खरोखरच दोन माणसे आहेत, आणि पुढे जी चूक सांगायची आहे ती दोघांनी मिळून, एकमेकांना दुजोरा देत केलेली आहे.

वाघोलीत राहणाऱ्याला आयडलिंगचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी ज्याला लोक अजून नगर रस्ताच म्हणतात त्या रस्त्यावरचे हे गाव पिलाजी जाधवरावांचे. वाघेश्वराच्या देवळाच्या परिसरात त्यांची समाधी आहे. पुढे ते दगडखाणींचे आणि खडी क्रशरचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि अलीकडे उंच इमारतींचे. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महापालिकेत गेली त्यांत वाघोलीही होती. गाव शहरात गेले. पण सकाळी साडेआठला केसनंद फाट्याच्या चौकात उभे राहिले की सारे शहर आपल्या पुढे-मागे येऊन थांबले आहे असे वाटते. येथे गाडीचे निम्मे आयुष्य चालण्यात जाते आणि निम्मे चालू स्थितीत उभे राहण्यात. ज्या गाडीला उभे राहता येत नाही ती वाघोलीत निरुपयोगी.

तेव्हा निदान करणे भाग होते. आणि आमच्या हाती निदान तयारच होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गाडीचे सर्व्हिसिंग करून घेतले होते. केसनंद रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारे एक मिस्त्री आहेत. पस्तिशीचे, लातूरकडचे. सहा वर्षे आमची गाडी त्यांच्याच हातची. त्यांनी ऑइल बदलले, प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला आणि 'काजळी धरली होती' म्हणून थ्रॉटल बॉडी साफ केली. त्यानंतर गाडी थरथरू लागली. म्हणजे त्यांच्या हातून काहीतरी बिघडले. ही वाक्ये आम्ही इतक्या सहज एकापुढे एक ठेवली, की मधल्या 'म्हणजे'ला काही आधार लागतो हे आमच्या लक्षातही आले नाही.

आम्ही त्यांना फोन केला नाही. सुशिक्षित माणसांची ही एक खोड असते. संशय आला की ती भांडत नाहीत, जाणे बंद करतात. मात्र सोसायटीत बोललो. 'माणूस चांगला आहे हो, पण हल्ली कामाकडे लक्ष राहिलेले नाही,' अशा त्या खास अध्यापकी वाक्यात बोललो. त्यात आरोप असतो आणि आरोप केल्याची जबाबदारी नसते. तीन घरांनी ते ऐकले. तिघांच्याही गाड्या त्यांच्याकडेच जात असत.

जूनमध्ये गाडी दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथे स्कॅनर होता. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या ज्या १३ शहरांत भारत स्टेज ४ चे निकष लागू झाले त्यांत पुणे होते, आणि आमची गाडी २०१२ची. म्हणजे आपल्या प्रकृतीची नोंद ठेवणारा संगणक तिच्या पोटात आहे. स्कॅनर जोडल्यावर एक कोड उमटला. त्याचा भावार्थ असा, की आयडलिंगची आवर्तने असायला हवीत त्याहून जास्त आहेत. तेथल्या तरुणाने तो वाचला आणि सांगितले, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह गेला. साडेसहा हजार रुपयांचा नवा व्हॉल्व्ह बसला. घरी येताना केसनंद फाट्यावर गाडी पुन्हा बंद पडली.

आज त्याचा विचार करताना वाटते, की त्या तरुणाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही. कोड हे लक्षणाला दिलेले नाव होते; त्याने ते कारणाचे नाव समजून वाचले. आमच्या व्यवसायात हे रोज घडते. एखाद्या कादंबरीत निवेदन तुटक दिसले की आपण तिला एक 'वादी' विशेषण लावतो आणि ती समजली असे मानून पुढे जातो. विशेषण चूक असते असे नाही. ते फक्त आपल्याला दिसले तेच पुन्हा आपल्याला सांगत असते. गाडीचा काटा वर उसळतो हे आम्हांला स्कॅनरशिवायही ठाऊक होते.

जुलैच्या मध्यावर, चार दिवसांच्या झडीनंतर, गाडी चालूच होईना. चावी फिरवली की बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज येई आणि मग शांतता.

येथे आमच्या प्रतिभेला बहर आला. आतापर्यंत आमच्याकडे एक तक्रार होती. आता दोन झाल्या, आणि दोन घटना हाती आल्या की त्यांची कथा करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. कथा अशी जुळली: मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी बिघडवली, त्यामुळे आयडलिंग घसरले, वाघोलीच्या कोंडीत गाडी तासन्‌तास त्या घसरलेल्या आयडलिंगवर उभी राहिली, आवर्तने कमी म्हणून अल्टरनेटर बॅटरी भरेना, बॅटरी उतरत गेली, आणि शेवटी गाडी बंद. आदी, मध्य, अंत. एकही धागा सुटा नाही. कमी आवर्तनांवर अल्टरनेटर कमी वीज देतो हे खरेच आहे, त्यामुळे कथेला वास्तवाचा आधारही होता. आम्ही दोघे त्या रात्री स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आमची पिढी मर्ढेकर वाचून वाढली. 'सौंदर्य आणि साहित्य'मधल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर आम्ही वर्षानुवर्षे वर्ग घेतले. कलाकृतीतला प्रत्येक घटक दुसऱ्या घटकाशी कोणत्या तरी नात्याने बांधलेला असतो, आणि ते नाते शोधणे म्हणजे वाचणे, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. कवितेपुढे ही सवय फार उपयोगाची असते. पण गाडी ही कुणी रचलेली संहिता नाही. तिच्यातले दोन बिघाड एकमेकांशी बोलत असतीलच असे नाही, ही शक्यता आम्हांला सुचली नाही. सुचली असती तरी आवडली नसती.

पाच हजार रुपयांची नवी बॅटरी आली. गाडी चालू झाली. कथा सिद्ध झाली. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा 'टक्'.

त्या सकाळी आमच्यापैकी एकाला विद्यापीठात पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला परीक्षक म्हणून साडेदहाला पोचायचे होते. पाऊस पडत होता. रिक्षा मिळत नव्हती, ॲपवरची टॅक्सी दोनदा स्वीकारून दोनदा रद्द झाली होती. आम्ही पार्किंगमध्ये आळीपाळीने चावी फिरवत होतो. सोसायटीच्या वॉचमनकाकांनी आमचा हा उद्योग पाच मिनिटे पाहिला आणि आम्हांला न विचारता मिस्त्रींना फोन लावला. आमच्या बोलण्याची कुणकुण त्यांच्या कानी होती की नाही कोण जाणे. आम्ही अडवले नाही. वीस मिनिटांनी मिस्त्री दुचाकीवरून, रेनकोट घालून आले.

आम्ही त्यांना आमची कथा सांगू लागलो. त्यांचा स्वतःचा भाग वगळून, अर्थात. आयडलिंग, कोंडी, अल्टरनेटर, बॅटरी. त्यांनी हात वर केला.

"सर, गाडी काय करायलीय तेवढं सांगा. का करायलीय ते मी बघतो."

आम्ही गप्प झालो. वर्णन आणि अन्वयार्थ यांतला फरक आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. आधी कवितेत काय आहे ते सांगा, मग तिचा अर्थ सांगा, असे म्हणतो. आणि आता 'गाडी काय करते' या प्रश्नाला आमच्याजवळ कारणांविरहित असे एकही वाक्य नव्हते. शेवटी कसेबसे म्हटले, "चालू होत नाही."

"सेल्फ घेत नाही, का सेल्फ घेतो आन् इंजिन धरत नाही?"

हा प्रश्न पुढे कित्येक दिवस आमच्या डोक्यात राहिला. 'गाडी चालू होत नाही' या एका वाक्यात दोन वेगळे रोग राहतात. सेल्फ मोटर इंजिनाला फिरवतच नसेल, तर दोष बॅटरी, तारा, जोड, सेल्फ स्वतः, यांच्या मुलखात. सेल्फ इंजिनाला नीट फिरवत असेल आणि तरी ते पेट घेत नसेल, तर हवा, पेट्रोल, ठिणगी, सिलिंडरमधला दाब आणि या सगळ्यांची वेळ यांपैकी काहीतरी चुकले आहे. दोन मुलूख जवळजवळ परके. पहिल्याच प्रश्नाने मिस्त्रींनी निम्मी गाडी बाजूला ठेवली होती. आम्ही दोन महिन्यांत तिचा एक कोपराही बाजूला ठेवू शकलो नव्हतो.

मग त्यांनी सांगितले, "मॅडम, हेडलाइट लावा आन् चावी फिरवा." दिवे लागले, 'टक्' झाले, दिवे तसेच लख्ख राहिले. "बॅटरी चांगली आहे," ते म्हणाले. बॅटरी दमलेली असती तर सेल्फने ओढ घेताच दिवे मंदावले असते. येथे सेल्फपर्यंत ओढ पोचतच नव्हती. दिवे लावून पाहण्याचे आम्हांलाही सुचले होते. ते लागले एवढेच आम्ही पाहिले होते. चावी फिरवताना त्यांचे काय होते हे पाहायचे असते, हे ठाऊक नव्हते.

त्यांनी मीटर काढला. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. चावी फिरवताच मीटरवर साडेचार व्होल्ट उमटले. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी वेणीसारखी विणलेली एक तार असते. सेल्फला लागणारे शे-दीडशे अँपिअर तिच्यातूनच परत येतात. तिचा बोल्टाखालचा भाग गंजून हिरवा-पांढरा झाला होता. नवी बॅटरी ताज्या जोमात असल्याने तिने त्या कुजक्या जोडातूनही चार दिवस वीज रेटली होती. तिचा जोम ओसरला, पावसाने जोड आणखी बिघडवला, आणि संपले.

मिस्त्री मान वर करून म्हणाले, "बॅटरीत सगळं आहे, सर. इंजिनाला अर्थ मिळंना झालाय."

अर्थ म्हणजे अर्थिंग. आम्ही दोघे एकदम हसलो. मराठी गॅरेजांत हा शब्द रोज उच्चारला जातो आणि त्यावर कुणी हसत नाही. आमच्या हसण्याचे कारण त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी सभ्यपणे मान डोलावली आणि जंपर केबलचे एक टोक बॅटरीला व दुसरे इंजिनाला लावले. चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आणि लगेच थरथरू लागली.

म्हणजे जे मिटले ते मिटले, आणि जे होते ते होतेच. आमची एकसंध कथा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या दोन तुकडे होऊन पडली.

मौखिक परीक्षेला उशीर होत होता. मिस्त्री म्हणाले, अशीच घेऊन जा, आयडलवर सोडू नका, संध्याकाळी शेडवर आणा. संध्याकाळी आणली. त्यांनी इंजिन चालू ठेवले आणि काही न करता पाचेक मिनिटे नुसते ऐकत राहिले. मग विजेरी घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकले आणि बोटभर जाडीचा एक रबरी पाइप पकडीने चिमटला. काटा थरथरायचा थांबला. साडेआठशेवर स्थिर. पकड सोडली, पुन्हा झोके. पुन्हा चिमटला, पुन्हा स्थिर. तीन वेळा त्यांनी हे केले, आमच्यासाठी.

यातले शास्त्र त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितले, ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो. गाडी आयडलवर असते तेव्हा हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन एका बारीक, मोजलेल्या वाटेने श्वास घेते, आणि झडपेच्या आतल्या पोकळीत हवेचा दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे तेथे कोठेही लहानसे छिद्र असले तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. संगणकाला वाटते, आवर्तने फार झाली. तो आपला व्हॉल्व्ह मिटतो, तरी ती उतरत नाहीत, म्हणून इंधन तोडतो, काटा कोसळतो, तो घाबरून पुन्हा इंधन देतो, काटा उसळतो. गाडी वेगात असली की झडप मोठी उघडलेली असते, आणि एवढ्या हवेत छिद्रातून येणारी चिमूटभर हवा हिशेबातही येत नाही. स्कॅनरने आवर्तने जास्त असल्याचे सांगितले ते अगदी खरे होते. फक्त दोष व्हॉल्व्हचा नव्हता. बिचारा व्हॉल्व्ह आपले काम जिवापाड करत होता.

पाइपाच्या खालच्या अंगाला, वरून पाहताना दिसणार नाही अशा ठिकाणी, छिद्र होते. त्याच्या कडा कुरतडलेल्या होत्या. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या कोनाड्यातून मिस्त्रींनी मूठभर ऐवज बाहेर काढला: वाळके गवत, शेंगांची टरफले, आणि बॉनेटच्या आतल्या अस्तराचा पिंजून केलेला कापूस. उंदराचे घर.

"सर्व्हिसिंग झाल्यावर मधी गाडी उभी होती का?"

"नाही. लगेच त्रास सुरू झाला."

"लगेच म्हणजे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी आम्ही रेल्वेने कोकणात गेलो होतो. बावीस दिवस. गाडी कुंपणाच्या भिंतीशी उभी होती आणि भिंतीपलीकडे पडीक शेत आहे.

"उंदराला उभीच गाडी लागती," मिस्त्री म्हणाले.

ते बावीस दिवस आम्ही कुणापासून लपवले नव्हते. ते आमच्या कथेतच नव्हते. गाडी उभी आहे, चालत नाही, तिला कुणी हात लावत नाही: अशा काळात आमच्या दृष्टीने काही घडत नव्हते, म्हणून सर्व्हिसिंग आणि थरथर ही दोन टोके आम्ही ओढून एकमेकांना चिकटवली. पूर्वेतिहास सांगताना रोगी जे वगळतो ते तो खोटे बोलतो म्हणून नव्हे. त्याला ती घटनाच वाटत नाही म्हणून.

घरी आल्यावर आम्ही कपाटातली पुस्तके काढली. हा आमचा प्रायश्चित्ताचा प्रकार आहे. माधवकराच्या 'रोगविनिश्चय' ग्रंथात, ज्याला आपण 'माधवनिदान' म्हणून ओळखतो, रोग जाणण्याचे पाच उपाय मांडले आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण, पूर्वसूचना, लक्षणे, कशाने उतार पडतो किंवा वाढ होते याची परीक्षा, आणि दोषाने शरीरात केलेला प्रवास. मिस्त्रींनी पकडीने पाइप चिमटला तो शुद्ध उपशय. व्हॉल्व्ह आणि बॅटरी बदलणे हाही वरवर उपशयच दिसतो, पण त्यात एक फरक आहे. पाइप चिमटताना मिस्त्रींना ठाऊक होते, की काटा स्थिर झाला नाही तर आपण चुकलो. बॅटरी घेताना आम्ही चुकलो हे आम्हांला कळण्याची कोणतीही सोय आम्ही ठेवली नव्हती. आमच्याकडे होती ती फक्त संप्राप्ती, घसरत्या आयडलिंगपासून उतरलेल्या बॅटरीपर्यंतची, अत्यंत सुबक.

नैयायिकांनी आमच्यासारख्यांची सोय करून ठेवली आहे. कार्याच्या आधी जे जे हजर असते ते सारे कारण नव्हे, हे सांगण्यासाठी त्यांनी 'अन्यथासिद्ध' अशी कोटी केली, आणि तिचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कुंभाराचे गाढव. माती वाहून आणणारे गाढव घट घडण्याच्या आधी तेथे असते खरे, पण घटाचे कारण म्हणून ते धरता येत नाही; मुंबईहून ट्रकने माती आणली तरी घट होणारच. आमच्या कथेत मिस्त्रींची जागा नेमकी ही होती. ते तेथे होते. त्यांनी गाडीला हात लावला होता. तेवढ्यावर आम्ही त्यांना कारण ठरवले.

आणि ॲरिस्टॉटल. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेले त्याचे काव्यशास्त्र आम्ही दोघांनी शिकवले आहे. आदी-मध्य-अंताची एकात्मता आम्हांला पाठ होती. पण आठव्या प्रकरणात तो बजावतो, की नायक एक असला म्हणून कथानक एक होत नाही. एकाच माणसाच्या आयुष्यात अशा अनेक गोष्टी घडतात ज्यांची मोट बांधता येत नाही. दहाव्यात तो म्हणतो, की एखादी गोष्ट दुसरीमुळे घडणे आणि दुसरीनंतर घडणे यांत मोठे अंतर आहे. ही दोन्ही प्रकरणे आम्ही परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणून वर्गात सांगितली होती. गाडी एक होती, कथानके दोन. एकाचा नायक उंदीर, दुसऱ्याचा गंज. मिस्त्री दोहोंपैकी कशातच नव्हते.

मग प्रश्न उरतो, की इतकी वर्षे इतक्या संहिता वाचून आम्ही येथे इतके कच्चे का निघालो. आम्हांला सुचलेले उत्तर फारसे सुखाचे नाही. चुकीचा अर्थ लावला म्हणून कविता बंद पडत नाही. ती वाचकाला भर पावसात चौकात उभे करत नाही. कितीही ओढूनताणून केलेला अन्वय ती मुकाट सोसते, आणि आपण तिच्या सोसण्यालाच संमती समजतो. उलट जितके अधिक तपशील कथेत बसतील तितकी आपली वाचनाची प्रतिष्ठा वाढते. आम्ही असे म्हणत नाही, की साहित्याची समीक्षा गॅरेजच्या कसोट्यांनी व्हावी. कवितेला एकच कारण आणि एकच दुरुस्ती नसते. पण हीच सवय आपण वर्गाबाहेर, माणसांविषयी बोलताना नेतो, आणि माणसे कवितेसारखी मुकाट असली तरी कवितेसारखी अबाधित नसतात.

त्या दिवशीच्या मौखिक परीक्षेतही उमेदवाराला आमच्यापैकी एकाने विचारले होते: तुमचे हे विधान चुकीचे आहे असे दाखवायचे झाले तर संहितेत काय सापडावे लागेल? मुलगी गोंधळली. प्रश्न तिला नवा होता, आणि खरे सांगायचे तर विचारणाऱ्यालाही तो त्याच सकाळचा होता.

नवी अर्थची तार साडेतीनशे रुपये, पाइप दोनशे वीस, मजुरी पाचशे. पैसे देताना आम्ही मिस्त्रींना सारे सांगितले. सर्व्हिसिंगनंतर आम्हांला काय वाटले, कुणाकुणाजवळ बोललो, सगळे. ते हात पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलंच होतं, मॅडम. जूनपासून तुमच्या बिल्डिंगमधली एक बी गाडी आली नाही." आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आधी एक फोन का नाही केला?" याला उत्तर नव्हते, आणि आम्ही ते बनवलेही नाही.

त्याच आठवड्यात आम्ही तिन्ही घरी गेलो. पहिल्या घरी चहा झाला, चूक ऐकून घेतली गेली, आणि त्यांनी आमच्यासमोरच मिस्त्रींना फोन लावला. दुसऱ्या घरी हसून म्हणाले, "एवढं काय मनावर घेता, सर?" त्यांची गाडी पुढे गेली की नाही ते कळले नाही. तिसऱ्या घरी मात्र गृहस्थांनी सारे शांतपणे ऐकले. आम्ही उंदराचे घर, चिमटलेला पाइप, गंजलेली तार, सगळे क्रमाने सांगितले. इतक्या सुसंगतपणे, की सांगतानाच आमची आम्हांला शंका आली.

"हो, पण माझ्याही गाडीचा आवाज त्यांनीच सर्व्हिसिंग केल्यापासून येतोय," ते म्हणाले. "आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हीच तर म्हणाला होतात."